सांगोल्याहून चांदोलीला जायचंय? वाघ दिसेल न दिसेल, पण तिथलं पाणी तुमच्या शिवारात आधीच आलंय

सांगोला म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते माळरान, डाळिंबाच्या बागा आणि पाण्याची वाट बघणारी माण नदी. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जंगल बघायचं तर लोक ताडोब्याचं नाव काढतात आणि तिकडचा प्रवास व खर्च बघून बेत पुढच्या वर्षावर ढकलतात.

पण सांगोल्यापासून पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरवर एक राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगरदऱ्यांचं, गव्यांचं, शेकरूंचं, आणि आता वाघांचंही. नाव चांदोली. सकाळी निघालात तर दुपारी तुम्ही त्याच्या वेशीवर असता.

चांदोलीला जाण्यासाठी सांगोलेकरांकडे आणखी एक कारण आहे, जे प्रवासाच्या रील्समध्ये सहसा सांगितलं जात नाही. या डोंगरातलं पाणी अडवलं, त्यासाठी आणि पुढं जंगल राखण्यासाठी इथली गावं उठली. त्याच डोंगररांगेतलं पाणी आज उपसा योजनांमधून सांगोल्यापर्यंत येतं. म्हणजे चांदोली बघायला जाणं हे एका अर्थी आपल्या पाण्याचं माहेर बघायला जाणं आहे.

तर चांदोली नेमकं काय आहे, तिथं काय दिसतं, गावं कुठं गेली आणि जायचं कसं, हे नीट समजून घेऊ.

चांदोली नेमकं आहे कुठं?

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जिथं एकमेकांना भिडतात, तिथं सुमारे ३१७ चौरस किलोमीटरवर हे उद्यान पसरलंय. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे चांदोली त्याच्या तिप्पट.

१९८५ साली चांदोलीला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. उत्तरेला कोयना अभयारण्य आहे, तेही १९८५ चंच. २०१० मध्ये या दोघांना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. बफर धरून त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, त्यातले पाच विदर्भात. पश्चिम महाराष्ट्रातला हा एकटाच.

२०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार दोन्ही वेगळे आहेत.

अभयारण्यात काही हक्क, उदाहरणार्थ गुरं चारणं, नियम घालून चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ती मुभा नसते. गुरं आत नेता येत नाहीत आणि उद्यानाची अंतिम घोषणा होण्याआधी तिथल्या जमिनीवरचे लोकांचे हक्क संपवून सरकारकडे घ्यावे लागतात. व्याघ्र प्रकल्पात आणखी दोन भाग पडतात. गाभा, म्हणजे वाघासाठी राखलेला आतला भाग, आणि बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, जिथं गावं, शेती आणि जंगल सोबत राहतात.

हा फरक लक्षात ठेवा, कारण चांदोलीतल्या गावांची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आत काय दिसतं?

आधी खरं सांगायचं तर चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. ताडोब्याच्या पानगळीच्या जंगलात वाघ रस्त्यावर येऊन बसतो, त्याचे फोटो निघतात. इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित आहे. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस अशी झाडी, तिच्याखाली कारवीची दाटी. दहा पावलांवर गवा उभा असला तरी तो दिसेलच असं नाही.

तरीही इथं बघण्यासारखं खूप आहे.

गवा हा इथला खरा मानकरी. पूर्ण वाढलेला नर सहज आठशे-नऊशे किलोंच्या पुढं जातो. सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि रानकुत्रे म्हणजे कोळसुंदे आहेत. झाडावर मान वर करून पाहिलंत तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू दिसेल. रानात खवले मांजर आणि पिसोरीही आहे, पण हे दोघं रात्रीचे, आणि लाजरे.

पक्षी बघणाऱ्यांसाठी धनेश हे मोठं आकर्षण. त्याला मोठी, जुनी, ढोली असलेली झाडं लागतात. अशी झाडं शाबूत असली तरच तो घरटं करतो. त्यामुळं धनेश दिसला तर ते जंगल जुनं आणि बऱ्यापैकी सुखरूप आहे असं समजायला हरकत नाही.

आणि मग सडे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. माती नावापुरती, पण पावसानंतर त्यावर रानफुलांचा थर चढतो. चांदोलीतला झोळंबीचा सडा त्यासाठी ओळखला जातो. वर उभं राहिलं की एका बाजूला वारणेच्या जलाशयाचं पाणी आणि दुसरीकडं कोकणात कोसळणारे कडे. शिवकाळातले प्रचितगड आणि भैरवगड याच रांगेत आहेत.

मग वाघ आहे की नाही?

आहे. पण इथवर यायला वेळ लागला.

२०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तरी वर्षानुवर्षं इथं वाघ म्हणजे पायाचे ठसे आणि विष्ठा एवढंच होतं. २०१८ मध्ये चांदोलीत वाघ कॅमेऱ्यात आला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा एक नर वाघ टिपला गेला. त्यानंतर आणखी नर नोंदले गेले.

सगळे नरच का? त्याला कारण आहे. नर वाघ वयात आला की स्वतःचं राज्य शोधत शेकडो किलोमीटर चालतो. मादी मात्र बहुतेक वेळा आईच्या हद्दीजवळच स्थिरावते. दक्षिणेला कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून गोवा, तिलारी, राधानगरी अशी जंगलांची साखळी चांदोलीपर्यंत येते. त्या वाटेनं नर पोहोचले, माद्या आल्या नाहीत. आणि माद्या नाहीत म्हणजे बछडे नाहीत.

म्हणून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्रीत आणायला परवानगी दिली. त्यात पाच माद्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली आणि तिला सोनार्ली भागातल्या मोठ्या कुंपणात ठेवलं गेलं. नव्या रानाची सवय व्हावी म्हणून असं आधी कुंपणात ठेवून मग मोकळं सोडतात.

वाघ आणायचा तर त्याच्या पोटाचीही सोय हवी. त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वर अभयारण्यातली चितळं चांदोलीत आणली गेली. सागरेश्वरची गोष्ट वेगळीच आहे. देवराष्ट्रे गावाजवळच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून लोकांनी झाडं लावून उभं केलेलं ते जंगल. दुष्काळी पट्ट्यात माणसांनी वाढवलेल्या रानातली हरणं आज घाटमाथ्यावरच्या वाघाच्या कामी येतायत.

सोनार्ली हे नाव कुठून आलं?

आता मूळ मुद्दा.

सोनार्ली हे एका गावाचं नाव आहे. झोळंबी हेही गावाचंच. तसंच निवळे, तसंच गोठणे. उद्यानाचा नकाशा उघडला की जी नावं आज ठिकाणांची, पाणवठ्यांची, वनरक्षकांच्या चौक्यांची म्हणून दिसतात, त्यातली कितीतरी नावं घरं, उंबरे आणि चुली असलेल्या गावांची होती.

वारणा नदी इथंच, पाथरपुंजच्या परिसरात उगम पावते. या गावात अनेक वर्षी पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. म्हणजे सांगोल्याच्या दहापट. या पाण्यासाठी वारणेवर मातीचं मोठं धरण बांधलं गेलं. त्याची साठवण क्षमता ३४.४० टीएमसी, जलाशयाचं नाव वसंतसागर. काही गावं त्या पाण्याखाली गेली. जी वर उरली, ती अभयारण्याच्या आणि पुढं राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आली. त्यांनाही उठावं लागलं.

ही माणसं कशी जगत होती? उतारावर नाचणी आणि वरी, ओढ्याकाठच्या खाचरात भात, रानातला हिरडा आणि मध, दावणीला म्हशी. पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून लाकूडफाटा आणि धान्य आधीच भरून ठेवायचं. घरं उतरत्या छपराची, पावसाच्या बाजूनं गवताच्या झडपा बांधलेली.

त्यातल्या बऱ्याच कुटुंबांचं पुनर्वसन सांगली आणि कोल्हापूरच्या सपाटीवर वसाहतींमध्ये झालं. सोनार्लीची वसाहत आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. एकच नाव दोन ठिकाणी: जंगलात वाघिणीचं कुंपण, सपाटीवर माणसांची वसाहत.

पुनर्वसन म्हणजे फक्त घराला घर नसतं. जमीन किती मिळाली, ती पिकाऊ आहे का, तिला पाणी आहे का, सातबारा नावावर झाला का, या प्रश्नांसाठी चांदोली आणि कोयनेच्या विस्थापितांनी वर्षानुवर्षं ठिय्या आंदोलनं केली. श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांचं नाव या लढ्यांशी जोडलेलं आहे. पाटण तालुक्यातल्या मळे, कोळणे आणि पाथरपुंज या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर इतरांच्याही मागं रेंगाळत राहिला.

कायदा नंतर बदलला. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदाही आला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचं तर ते स्वेच्छेनं, ग्रामसभेच्या माहितीपूर्ण संमतीनं आणि हक्क मान्य करून, अशी अट आली. प्रत्येक कुटुंबासाठीचं पॅकेज आधी १० लाख होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. चांदोलीतली बहुतेक गावं या तरतुदी येण्याआधीच उठली होती.

जंगलाला याचा फायदा झाला का?

झाला, हे नाकारता येत नाही. उठलेल्या गावांची भातखाचरं आता गवताळ कुरणं झालीत. दाट झाडीत गवताला उजेड मिळत नाही, त्यामुळं गवे आणि सांबरांना चरायला अशी मोकळी जागा लागते. सकाळच्या वेळी प्राणी दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती या कुरणांवरच.

म्हणजे तुम्ही जीपमध्ये बसून ज्या हिरव्या मोकळ्या जागेचा फोटो काढता, ते बऱ्याचदा कुणाचं तरी जुनं शेत असतं. बांध नीट पाहिलेत तर ओळखू येतात. जंगलात मध्येच आंब्या-फणसाची झाडं ओळीनं दिसली तर तिथं परसदार होतं असं समजा. विठलाईसारखी देवळं आजही आत आहेत. गाव खाली सपाटीवर गेलं, पण ग्रामदैवत रानातच राहिलं.

सांगोल्याचा यात काय संबंध?

सांगोल्याच्या काही भागाला नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. बाकी मोठ्या भागाची भिस्त आहे कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या दोन योजनांवर, टेंभू आणि म्हैसाळ.

टेंभू योजना कराडच्या खाली कृष्णेतून पाणी उचलते. कराडला कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळं टेंभूच्या पंपांपर्यंत येतं ते मुख्यतः कोयनेचं पाणी. वारणा कृष्णेला मिळते सांगलीजवळच्या हरिपूरला. त्याच्याही खाली म्हैसाळ आहे. त्यामुळं म्हैसाळच्या पाण्यात कोयनाही असते आणि वारणाही. टेंभूचं पाणी माण नदीतल्या बंधाऱ्यांत सोडलं जातं, म्हैसाळचं कोरडा नदीत. तिथून विहिरींना, विहिरींतून ठिबकला आणि ठिबकमधून डाळिंबाला.

हे पाणी सुखासुखी आलेलं नाही. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे तब्बल अकरा वेळा आमदार राहिलेले गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर या मंडळींनी ती चळवळ उभी केली. सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतले १३ दुष्काळी तालुके त्यात होते.

एक गोष्ट इथं ध्यानात घ्या. धरणानं आणि अभयारण्यानं उठवलेल्यांसाठी लढणारे आणि दुष्काळी भागाला पाणी मागणारे, या दोन्ही आंदोलनांत काही माणसं तीच होती. ज्यांचं गाव गेलं त्यांना न्याय आणि ज्यांना पाणी नाही त्यांना पाणी, या दोन मागण्या एकमेकांच्या विरोधात नाहीत, ही त्यामागची भूमिका होती.

आज तिथं गावं बघायला मिळतात का?

गाभ्यात नाही, पण बफरमध्ये मिळतात. शिराळा, शाहूवाडी आणि पाटण तालुक्यांच्या डोंगराळ भागात छोट्या वाड्या आणि धनगरवाडे आहेत.

सांगोलेकरांना इथं एक गंमत जाणवेल. सांगोल्याच्या माळावरचा धनगर म्हणजे मेंढरांचा कळप. सह्याद्रीतला डंगे धनगर मात्र म्हशी राखतो. कारण सोपं आहे. चार महिने कोसळणाऱ्या पावसात मेंढी टिकत नाही, म्हैस टिकते. ताटातही तोच फरक. इकडं ज्वारीची भाकरी, तिकडं नाचणीची आणि सोबत भात.

वाड्यावर गेलात तर तिथं लोक राहतात, हे विसरू नका. न विचारता घरात डोकावणं, बायाबापड्यांचे आणि पोरांचे फोटो काढून टाकणं टाळा. जेवण मिळत असेल तर आधी सांगून ठेवा आणि रास्त पैसे द्या. बिबट्या गुरं नेतो, गवे पीक तुडवतात आणि भरपाईसाठी पंचनामे करत बसावं लागतं. वाघ आल्याचा आनंद आणि गोठ्याची काळजी, दोन्ही गोष्टी या लोकांच्या वाट्याला एकदमच येतात. त्यांना वेळ असेल तर ते ऐकून घ्या.

जायचं कसं?

सांगोल्याहून रत्नागिरी-नागपूर महामार्गानं जुनोनी, नागज करत मिरज. वाटेत नागजजवळ आरेवाडीचं बिरोबाचं बन लागतं. मिरजपर्यंत रेल्वेचाही पर्याय आहे. पुढं सांगली, आष्टा, ईश्वरपूर (जुनं इस्लामपूर), पेठ नाका आणि नागपंचमीसाठी ओळखलं जाणारं बत्तीस शिराळा. शिराळ्याहून कोकरूड, चरण, आरळा करत वारणावती. उद्यानात जाण्याची वाट वारणावती आणि मणदूरच्या बाजूनं आहे.

दोन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी वाटेत हरिपूरला थांबून वारणा आणि कृष्णेचा संगम बघा, मग संध्याकाळपर्यंत वारणावतीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे जंगल, दुपारी धरणाचा परिसर आणि परतीची वाट. कडेगाव-विट्याच्या बाजूनं परतलात तर सागरेश्वरही वाटेत करता येतं.

कधी जायचं आणि काय पाळायचं?

पावसाळ्यात उद्यान बंद असतं. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ते खुलं राहतं. हिरवंगार रान बघायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी. प्राणी दिसण्याची आशा जास्त हवी असेल तर मार्च ते मे, कारण पाणी आटलं की जनावरं पाणवठ्यावर येतात.

• निघण्याआधी वारणावतीच्या वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. वेळा आणि शुल्क बदलतात, आणि वाघ सोडण्याच्या काळात काही भाग बंदही ठेवला जातो.
• परवानगीशिवाय गाभ्यात शिरणं हा गुन्हा आहे. प्रचितगड-भैरवगडच्या ट्रेकलाही हे लागू होतं.
• स्थानिक गाईड घ्या. त्यातले काही जण याच डोंगरातल्या घरचे असतात. प्राण्यांबरोबर गावांबद्दलही विचारा.
• भडक कपडे, अत्तर, गाण्यांचे स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा.
• प्लॅस्टिक आत नेऊ नका. नेलंच तर मोजून परत आणा.
• गवा शांत दिसतो म्हणून गाडीतून उतरू नका. जंगलात त्याच्या वाटेत येणं वाघाइतकंच धोक्याचं असतं.
• आत मोबाईलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. घरी आधीच सांगून ठेवा.
• जिथं प्राणी दिसला ती जागा लोकेशनसकट लगेच पोस्ट करू नका. शिकारी आणि हौशी गर्दी, दोघांनाही ती माहिती उपयोगी पडते.

वाघ दिसला नाही तर निराश होऊ नका. बहुतेकांना तो दिसत नाही. वसंतसागराचं पाणी मात्र सगळ्यांना दिसतं. त्या काठावर उभं राहिल्यावर गाईडला एवढं जरूर विचारा, की इथं कुठली गावं होती आणि ती माणसं आता कुठं राहतात.